आठ वाजताचं औषध

त्र्याण्णवच्या भूकंपात शरणम्माचं तान्हं लेकरू गेलं. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहता राहता ती दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालू लागली. पुढं लातूरच्या एका संस्थेनं तिला एचआयव्ही असलेल्या कोवळ्या आयांच्या मदतीला घेतलं, तरी तिनं तेलाची बाटली आणि डाळीचं पीठ सोडलं नाही. बाळंतिणीच्या घरात न्हाऊ घालणाऱ्या बाईला कोण अडवतंय!

शिवकांताच्या घरातही ती अशीच शिरली. पोर अवघी सतरा वर्षांची. नवरा ट्रकवर, आणि सासू धोंडाबाई क्लासच्या पोरांची मेस चालवायची. बाळाला सहा आठवडे रोज सकाळी आठला औषध पाजायचं होतं, नाहीतर आईचा आजार त्यालाही लागायची भीती. "मावशी, आत्याबाईंना कळलं तर बाळासकट हाकलतील," शिवकांता रडत म्हणाली होती. म्हणून औषध शरणम्माच्या पिशवीत राहायचं आणि न्हाणीत गुटीच्या नावाखाली बाळाच्या तोंडात जायचं. धोंडाबाई नुसती डोकावली तरी शरणम्मा औषधाची पिचकारी पदराखाली लपवायची.

बारावीचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्याच सकाळी औषधाचा तिसावा दिवस होता. पहिल्या आलेल्या पोराला जीपमध्ये उभं करून क्लासवाल्यांनी अख्खा रस्ता अडवला. शरणम्मा रिक्षातून उतरून पळत सुटली. औषधाची बाटली आपल्याजवळच ठेवायची अवदसा आठवली कशाला, म्हणून ती स्वतःलाच शिव्या घालत होती. पोहोचेपर्यंत साडेनऊ झाले.

धोंडाबाई दारातच उभी होती.

"किती उशीर! आदी औषध पाज, आंघूळ मागून घाल."

शरणम्मानं पिशवी छातीशी धरली. "कसलं औषध, अक्का?"

"मला नको शिकवू. माझ्या पोराला ह्याच आजारासाठी सरकारी दवाखान्यात नेलतं, तव्हा तिथं तुलाच पाहिलं हाय. त्याच्या लग्नाच्या आदी." तिनं आवाज खाली आणला. "सुनंला बोलू नको. ती घर सोडून गेली तर नातू बी जाईल."

लग्नाच्या आधी! महिनाभर जिच्यापासून हे लपवलं, तिनंच जाणूनबुजून ही पोर आगीत ओढली होती. रागाच्या भरात शरणम्मानं पिशवीतून बाटली आणि पिचकारी बाहेर काढली.

धोंडाबाईच्या मागं शिवकांता बाळ घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं हात पुढं करून बाटली घेतली, पिचकारीत रेघेपर्यंत औषध ओढलं आणि सासूच्या डोळ्यांदेखत बाळाला पाजलं. बाटली मात्र परत दिली नाही.

"मावशी, मला उमरीला आईकडं सोडा."

"आगं, तिथं ह्याला रोज औषध कोण पाजील?" शरणम्माचा जीव अजून त्या आठच्या ठोक्यातच अडकला होता.

"मी हाय की."

धोंडाबाईनं दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं. शिवकांतानं बाळाला टॉवेलात गुंडाळलं आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"सरका, आत्याबाई."