जात्यावरच्या गाण्याची अर्धी बाजू

मंडळी, आज सकाळी धारूरला, लहानपणी शेजारी राहणाऱ्या जुबेदा आपाकडे जाऊन आलो. आल्या आल्या लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीतून अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. माझी आई आणि आपाची अम्मा एकाच जात्यावर समोरासमोर बसून ती दळायच्या. अम्मा दखनी उर्दूत गायची, अल्लाला साजन म्हणून हाक मारायची. आई प्रत्येक ओळीला मराठीत जोड द्यायची.

दोघीही गेल्या. मला फक्त आईच्या ओळी येतात. आपा विसरली असेल तर अम्माच्या ओळी गेल्याच, हा घोर महिनाभर झोपू देत नव्हता.

खाटेवर पडल्या पडल्या आपा म्हणाली, "मला कायबी याद न्हाई रे बाबू. तू पीठ चोरून खायचास, तेवढं याद हाय!"

माझा धीरच सुटला. तरी आईची एक ओळ म्हटली: त्या साजनापायी माझं पीठ होऊ दे.

आपाचा उजवा हात गोधडीवर गोल फिरू लागला. हात फिरला तशी अम्माची ओळ आली, मग पुढची. ती थांबली की मी आईची ओळ म्हणायचो.

"थांबू नको, जातं जड होतंय," ती डोळे मिटून म्हणाली.

शेवटची ओळ त्या दोघी मिळून म्हणायच्या. ती आम्हा दोघांनाही येत होती.

गाण्याच्या नादात फोनवर रेकॉर्ड करायचं राहिलं. उद्या पहिल्या एसटीनं परत धारूरला जातोय.

तुमच्याकडे असं अर्धं गाणं आहे का? उरलेलं अर्धं कुणाकडे आहे?