चौघांचे सहा वाटे

मोबाईल हे प्रकरण मला कधीच आवडलं नाही. मुळशी धरणाच्या काठच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते, तेव्हा पोरांच्या हातात तो दिसला की माझा पारा चढायचा. आणि नेमका माझ्याच नशिबी पुण्याजवळच्या सूसहून दुचाकीवर येणारा एक तरुण शिक्षक आला, ज्यानं आल्याआल्या पाचवीच्या वर्गाचा ब्लॉग काढला. मी म्हटलं, आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. शाळेत रेंज यायची ती फक्त झेंड्याच्या कट्ट्यावर. रोज शाळा सुटताना अख्खा वर्ग त्या कट्ट्याभोवती जमायचा आणि दिवसभरात जे शिकवलं ते कोणीतरी एक जण सरांच्या फोनवरून ब्लॉगवर लिहायचा. बाकीचे त्याच्या खांद्यावरून चुका काढायचे.

नियम एकच होता: लिहायचं ते आज जो आला नाही त्याच्यासाठी. आमच्याकडे कोणी ना कोणी गैरहजर असायचंच. आवणीच्या दिवसांत कोणी भाताची रोपं लावायला शेतात, तर कोणी गुरांमागे. पण दिवाळीनंतर ते सगळं एकाच मुलीसाठी लिहिलं जाऊ लागलं. ती वरच्या पाड्यावरची. आईवडिलांबरोबर हिंजवडीपलीकडच्या वीटभट्टीवर गेली होती. जाताना तिच्या वडिलांनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं की परीक्षेला मी तिला आणीन. पास झाली तर पुढं शिकेल, नाही झाली तर भट्टीवर धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी लागतंच. पाचवीला पुन्हा नापास करायला लागलेत, हे त्यांच्याही कानावर गेलं होतं.

संध्याकाळी वडिलांच्या फोनवर ती ब्लॉग वाचायची आणि खाली लिहायची, "समजलं" किंवा "नाही समजलं". नाही म्हणाली की दुसऱ्या दिवशी वर्ग तोच पाठ पुन्हा लिहायचा. मी हे लांबून बघत होते. "समजलं का रे?" असं मी विचारलं की नंदीबैलासारखी माना हलवणारी हीच पोरं. आता ती एका लांबच्या मुलीसाठी एकेक वाक्य खोडून नव्यानं मांडत होती. आणि दुसऱ्याला समजावता समजावता त्यांना स्वतःलाच नीट कळत होतं. मला सरांचं फार कौतुक वाटायचं. त्यांना तसं बोलून दाखवलं नाही, डोक्यावर बसले असते.

घोडं अडलं अपूर्णांकांत. तिचं "नाही समजलं" थांबेना. शेवटी पोरांनीच ठरवलं की सर ज्यावरून शिकवत ते चपातीचे तुकडे बाजूला ठेवायचे आणि मासे घ्यायचे. त्यांनी लिहिलं, चौघे जण होडी घेऊन धरणात मासे धरायला गेले, मासे सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? उत्तर: एक षष्ठांश. त्याच संध्याकाळी तिचं "समजलं" आलं.

मी ते वाचलं आणि भडकले. चार माणसांत सहावा हिस्सा कुठून आला? सरही चक्रावले होते. वर्गाला विचारलं तर पोरं आमच्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. चार वाटे चौघांचे, पाचवा होडीवाल्याचा, सहावा जाळंवाल्याचा. आमच्या काठावर मासे असेच वाटतात. होडीचा मालक घरी घोरत पडलेला असला तरी होडीचा वाटा निघतोच. पोरांना वेगळा हिशेब माहीतच नव्हता.

मी सरांना म्हटलं, आधी ते पुसून टाका. पोर परीक्षेत हेच लिहून येईल आणि तिची शाळा सुटेल. सर माझ्यापुढे कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही, पण ऐकलंही नाही.

"बाई, इतक्या दिवसांनी तिला समजलंय," ते म्हणाले. "हे पुसलं तर तिला वाटेल, आपल्याला जे समजतं तेच चुकीचं असतं."

त्यांनी त्याच लिखाणाखाली वर्गाकडून आणखी एक ओळ लिहून घेतली: पेपरात होडी आणि जाळं दिलं नसेल तर त्यांचे वाटे काढायचे नाहीत. संध्याकाळी तिनं विचारलं, मग होडी कोणाची? वर्गानं उत्तर दिलं, पेपरवाल्यांची, पण त्यांना मासे नको आहेत. मी एकटीच कितीतरी वेळ हसत होते.

परीक्षेला ती वडिलांबरोबर आली, उन्हानं रापलेली, आधीपेक्षा वाळलेली. वर्गावर देखरेखीला मीच होते. गणिताच्या पेपरात चौघांत वाटायचं एक कलिंगड होतंच. मी उगाचच तिच्या बाकाजवळून फेऱ्या मारत होते. तिनं एक षष्ठांश लिहिलं आणि मी तिथंच थबकले. बोलायची तर सोय नव्हती. मग तिनं प्रश्नावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला, लिहिलेलं खोडलं आणि एक चतुर्थांश लिहिलं. मी जाऊन खुर्चीत बसले.

ती पास झाली. भट्टी अजून चालू होती, म्हणून निकालाला वडील एकटेच आले. मी प्रगतिपुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि पदर खोचून तयारीत उभी राहिले. पास झाली तरी आता काहीतरी निमित्त काढून पोरीला घरी बसवतील, असं मला वाटत होतं. त्यांनी ते पुस्तक शर्टाच्या आत ठेवलं.

"मोठ्या बाई, सहावीचंबी लिवाल न्हवं?" ते म्हणाले. "ती रोज सांजंला मोठ्यानं वाचती. भट्टीवरची समदी बायामाणसं ऐकाया बसत्यात. तिची आई कदी शाळंत गेली न्हाई, आता तिला भागाकार येतुया. ती म्हंती, पोरीला पुढं धाडूया, न्हाईतर आमाला कोन शिकवंल?"

मी सरांना हाक मारली आणि त्यांना म्हटलं, हे तुम्हीच ऐका.