अंजूरची टेकडी आणि गुरूचे चंद्र

भिवंडी तालुक्यात गुरू-शनीच्या चंद्रांची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा सख्खा मोठा मामा आहे. बाकी तालुक्याला गुरू-शनी आठवतात ते लग्न जमत नसेल तेव्हा. मामाला पत्रिकेशी देणंघेणं नाही. त्या चंद्रांवर दगड कुठला, बर्फ किती जाड, खाली पाणी आहे का, एवढीच त्याची चौकशी. जन्मभर कामतघरला कापडाचे बिघडलेले लूम दुरुस्त केल्यामुळे त्याचा एक पक्का विश्वास आहे: आत काय चाललंय ते वरच्या चिरेवरून कळतं. मग तो लूम असो, नाहीतर गुरूचा चंद्र युरोपा.

चहा तो गरम पीत नाही. साय धरेपर्यंत कप समोर ठेवून बसतो, मग हळूच तिरका करतो. साय चिरते. "बघ बाय, युरोपा! वर बर्फ, खाली अख्खा समुद्र. खालचं हललं की वरचं फाटतं." टपरीवाले चाचा कपाळाला हात लावतात, "मामू, पी भी लो, पीछे लोग खड़े हैं!" सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यातून वाफेचा फवारा उडाला की हा शेअर रिक्षा थांबवून सगळ्यांना शनीचा फवारे सोडणारा चंद्र एन्सेलॅडस दाखवतो. दोनदा सहप्रवाशांनी त्याला तिथेच उतरवून दिलंय. आणि आमचा रस्ता म्हणजे त्याच्या मते गुरूचा कॅलिस्टो, खड्ड्यात खड्डा. "फरक एवढाच, तिथले खड्डे बुजवल्याचं कोणी उद्घाटन केलेलं न्हाय." हे वाक्य मी न विचारता खड्ड्यांवरच्या माझ्या पत्रकात छापलं. मामाची एकच तक्रार होती: "शेजारी फोटो गॅनिमीडचा लावलास."

आता टेकडीबद्दल स्पष्टच लिहिते. गोदामांसाठी खाडीकाठचं खाजण भरायचं, भरावाला दगड-मुरूम हवा, म्हणून आमच्या अंजूर गावामागची टेकडी फोडायची. आमच्याकडे विकास म्हणजे उंच जागा सखल करायची, सखल जागा उंच करायची आणि दोन्हीकडे पत्रे ठोकायचे. टेकडीत मुरलेलं पाणी पायथ्याच्या विहिरीत उतरतं. त्यावर आदिवासी पाडा जगतो आणि आमची आळीसुद्धा. टेकडी गेली की विहीर गेली, हे शेंबड्या पोराला कळतं. साहेबांना कळावं म्हणून जनसुनावणी लागली. मामाइतका दगड कळणारा गावात दुसरा नव्हता, म्हणून मी त्याला आठवडाभर पढवलं. "दोनच मुद्दे, मामा. दगड आणि विहीर. चंद्राचं नाव काढायचं नाही."

"बरं बाय."

सुनावणीत मामा उभा राहिला, दोन वाक्यं नीट बोलला आणि तिसऱ्याला गुरूवर पोचला. "साहेब, गुरूचा एक चंद्र हाय, आयो. तिथले ज्वालामुखी अजून चालू हायेत..." मंडपात हशा पिकला. गोदामवाल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, "मामा, तिकडं किती गुंठे घेतलेस?" माझी कानशिलं तापली. शर्ट ओढून मी त्याला खाली बसवलं आणि स्वतःचं चार पानी पत्रक वाचायला घेतलं. त्याची सुरुवातच 'धिक्कार असो'ने होती. दुसऱ्या पानावर साहेबांनी घड्याळ पाहिलं. इतिवृत्तात माझा एकही धिक्कार आला नाही, मामा मात्र आला: 'एका हरकतदाराने तालुक्याबाहेरील चंद्राविषयी मत मांडले.' परवानगी महिन्याभरात निघाली.

परतताना रिक्षात मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. तो खाजणाकडे बघत बसला होता. अंजूर जवळ आल्यावर म्हणाला, "पुढचं तू ऐकलं न्हाईस, बाय. आयोवर कितीबी खणलं तरी नवा लाव्हा येतो, खड्डा भरून निघतो. आपली टेकडी घडवणारा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांमागं थांबला. ही टेकडी नेली की दुसरी येणार न्हाय. एवढंच सांगायचं होतं."

माझ्या चार पानांत हे एक वाक्य नव्हतं.

आता टेकडी निम्मी उरली आहे. यंदा विहिरीचा तळ होळीआधीच दिसला. पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन हायवेपर्यंत जातात. मामा दुपारी कापलेल्या कड्यापाशी जातो आणि पांढरे स्फटिक लागलेले दगड खिशात भरून आणतो. परवा मी गेले तेव्हा त्याने एक माझ्या हातात ठेवला. "कॅलिस्टोला चार अब्ज वर्षं कोणी हात लावला न्हाय," तो म्हणाला. "तिथं डंपर जायला रस्ता न्हाय, म्हणून वाचला."

मी सांगितलं, दिघाशी गावच्या टेकडीची सुनावणी लागलीय. सगळ्यांत आधी तू बोलायचंस. आयोपासून सुरू कर, शर्टाला हात लावणार नाही.

त्याने विचारलं, "टाइम किती देतील?"

"पाच मिनिटं."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि खरोखरच वाईट वाटून म्हणाला, "मग शनीचा टायटन सोडावा लागंल."