साडेबाराची मुक्कामी गाडी

नांदेडला आमच्या कॉलनीजवळच्या चहाच्या टपरीवर सध्या एक वाद रोज उकळतो. शहरातल्या बसगाड्या रात्रभर धावाव्यात की नाही? निवृत्त मास्तर म्हणतात, रात्र झोपायसाठी असते. रात्रपाळी करून आलेली नर्स म्हणते, "मास्तर, तुम्ही झोपता तेव्हा तुमचं सलाइन कोण बघतं?" मग सगळे माझ्याकडे वळतात. एरवी मी तोंड उघडलं की वाद मिटतो, ऐकणारेच थकून उठून जातात. पण या विषयावर मी चहा पितो आणि गप्प बसतो. यात मी एका रात्रीत दोनदा लबाडी केली आहे. पहिली लई मोठी होती, दुसरी एवढीशी.

लातूरची गोष्ट. भूकंपाला दोन-अडीच वर्षं झाली होती आणि शिकवण्यांचं पीक जोमात आलं होतं. कुठल्याही गल्लीत खडा मारला तर तो फिजिक्सच्या सरांना लागायचा आणि तिथून उडून केमिस्ट्रीच्या सरांना. मी एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो. पहाटे पाचच्या बॅचला नोट्स लागत, म्हणून रात्री साडेबारापर्यंत मशीन चालू. ते इतकं तापायचं की शेजारचा पानवाला त्याच्यावर चहा गरम करून घ्यायचा. काळी पूड नाकात अशी भरायची की मी शिंकलो तर समोरच्या भिंतीवर गतीचे तिन्ही नियम उमटत, आकृतीसह.

आमचं गाव रेणापूरच्या रस्त्याला, नऊ किलोमीटरवर. गावाला दिवसाची शेवटची गाडी मुक्कामी. म्हणजे रात्री साडेनऊला लातूरहून निघायची, गावात मारुतीच्या पारापाशी उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यातच झोपायचे आणि पहाटे पाचला दूधवाले, शाळेची पोरं भरून परत निघायची. साडेनऊला मी मशीनपाशी. मग पायी. सांगतो, पहिल्या महिन्यात मी चालत चालत झोपायला शिकलो. दुसऱ्या महिन्यात घोरायलाही. एकदा जाग आली तेव्हा एका बैलगाडीमागं चाललो होतो आणि बैल माझ्याकडं वळून वळून बघत होता, ह्याला जुंपलंय कुणी म्हणून.

सोबतीला मावशी असायच्या. माझ्या कुणी सख्ख्या नव्हत्या, गावातल्या. शिकवणीच्या पोरांच्या मेसमध्ये त्या पोळ्या लाटायच्या. शेवटची पंगत साडेदहाला उठायची, मग भांडी, मग सकाळची कणीक. त्यांना पगारात रस कमी होता. त्यांची पोरगी बारावीला होती, लातूरलाच मुलींच्या होस्टेलवर, आणि मावशींच्या कामावर तिचे दोन वेळचे डबे चालू होते. काम सुटलं की डबा बंद, डबा बंद की पोरगी गावाकडं. मार्चमध्ये परीक्षा. तोवर दम धरायचा, एवढाच मावशींचा हिशोब.

मेसचा मालक वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, कशाला पायपीट करून राहिल्या? कोठीच्या खोलीत झोपा. पंखा हाय."

"वर काय हाय?"

"वर स्लॅब हाय."

"मग न्हाई."

भूकंपात त्यांच्या माहेरी काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गावात त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या. मला एकदा एवढंच म्हणाल्या, "बापा, डोक्यावर काय हाय ते मला ठाऊक पाहिजे. माझ्या पत्र्यावर फार तर मांजर चढतं."

दिवाळी झाली आणि मावशींचे गुडघे सुजले. रस्त्यात दर दोन खांबांमागं त्या थांबायच्या. मी सैल जिभेचा माणूस, त्यांना भुतांच्या, वाघांच्या, निजामाच्या हत्तीच्या गोष्टी सांगून पुढच्या खांबापर्यंत न्यायचो. एका रात्री त्या मैलाच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "हत्ती राहू दे. मार्चपर्यंत हे पाय काय येत न्हाईत. मालकाला उद्या सांगते."

मी म्हणालो, "आठ दिवस थांबा. गाडी आणतो."

अर्ज लिहिला. नोट्स छापणाऱ्याच्या अर्जाला कमी काय? मुद्दे, उपमुद्दे, खाली रेघ. सह्या गावभर गोळा केल्या. आगारातल्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"रात्री साडेबाराला गाडी? लोक झोपतात हो रात्री."

"साहेब, लातुरात कोण झोपतंय? पोरं जागी, त्यांचे सर जागे, मेसवाले जागे. आता घुबडंसुद्धा क्लास लावून राहिलीत."

साहेब हसले नाहीत, पण माणूस सरळ होता. म्हणाले, साडेनऊची मुक्कामी आठ दिवस साडेबाराला सोडू. आठव्या रात्री मी स्वतः बसून बघेन. अर्धी गाडी भरली तर कायम, नाहीतर पुन्हा साडेनऊ.

ती पहिली रात्र! शिकवण्यांच्या चौकातल्या थांब्यावर मावशींनी हात केला आणि गाडी थांबली. त्या खिडकीशी बसल्या, चपला काढल्या, पाय समोर पसरले आणि गाव येईपर्यंत ते खाली घेतले नाहीत. मी त्यांना वाघ सांगायला लागलो तर म्हणाल्या, "गप बस. बसू दे."

ड्रायव्हर मिशाळ, पोक्त, कमी बोलणारा. तिसऱ्या रात्री त्यानं अशी जांभई दिली की मला वाटलं स्टिअरिंगच गिळतोय. एकला गावात पोचायचा, पावणेपाचला उठायचा. मावशी त्याच्यासाठी फडक्यात दोन पोळ्या आणि ठेचा आणायच्या. "झोप होती का, दादा?" असं त्यांनी विचारलं तर म्हणाला, "होती की. आरशात बघितलं तर दिसती, डोळ्यांत उभी हाय."

पण गाडीत माणसं किती? मी, मावशी, दवाखान्यातली एक आया, दोन हमाल. सातव्या दिवसापर्यंत सहाच्या वर आकडा गेला नाही. अर्धी गाडी म्हणजे बावीस-पंचवीस मुंडकी. मग मी माझं डोकं चालवलं.

भूकंपाच्या धास्तीनं गावात अजूनही निम्मी माणसं अंगणात झोपायची. थंडी पडली होती. मी पारावर उभा राहिलो आणि सांगितलं, "बाहेर कुडकुडता कशाला? आठव्या रात्री गाडीत झोपा. वर पत्रा, खाली स्पंजची गादी, आणि ती अशी हलती की खरा भूकंप आला तरी तुम्हाला कळायचा न्हाई." हशा झाला, पण गोष्ट मनात बसली. शिवाय लातूरची रात्र बघायची हौस. मावशींना मात्र यातलं काही कळू दिलं नाही. खोटं त्यांना चालत नसे, माझ्या हत्तीलाही त्या रोज 'पुरे बापा' म्हणून हात जोडून वाटेला लावायच्या.

आठव्या रात्री आठच्या गाडीनं माणसं लातूरला आली. वाकळा, घोंगड्या, तांब्या, एकानं तर उशी काखेत मारलेली. मीही दुकानातून लवकर सटकून स्टँडवर गेलो. साडेबाराला गाडी लागली आणि भरली. अर्धी कुठली, मधल्या रस्त्यात उभं राहायला जागा नाही! साहेब पुढच्या बाकावर, मांडीवर वही. मला म्हणाले, "तुमचं खरं होतं हो." माझी छाती अशी फुगली की शेजारच्याला खिडकीबाहेर वाकावं लागलं.

चौक आला. थांब्यावर दिव्याखाली मावशी उभ्या होत्या, हात वर केलेला. कंडक्टरनं दारातून बाहेर बघितलं, आत बघितलं आणि दोनदा घंटी मारली. जागा नाही, पुढं चला.

मावशींचा हात खिडकीवरून मागं गेला.

आता ओरडायला पाहिजे होतं. मी, ज्याचा आवाज रेणापूरच्या बाजारातून कंधारच्या किल्ल्यापर्यंत जातो असं मी स्वतःच सांगत असे. पण ओरडलो की साहेब विचारणार, एका बाईसाठी कोण उतरतो? आणि ही भरगच्च गाडी म्हणजे झोपायला आलेलं गाव, हे उघडं पडणार. मी साहेबांच्या वहीकडं बघत राहिलो.

गाडी शंभर पावलांवर थांबली. कुणी घंटी मारली नव्हती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि मान वळवली.

"साहेब, जिच्यासाठी गाडी हाय ती खाली राहिली."

मावशी लंगडत आल्या. एका उशीवाल्यानं जागा दिली. बसल्यावर त्यांनी गाडीभर नजर फिरवली आणि चकितच झाल्या.

साहेबांनी विचारलं, "बाई, हे सगळे रोजचे?"

"न्हाई जी. आमच्या गावचेच हायेत. पण झोपायचं आवरून आलेले दिसतात."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग वही मिटून ड्रायव्हरला विचारलं, "तुम्हाला झोप किती मिळते?"

"साडेतीन तास." मग म्हणाला, "मला तक्रार करायची न्हाई. पण पाचला शाळेची लेकरं असतात गाडीत. परवा पुलावर डोळा मिटला होता. घटकाभर."

हे आम्ही कुणी अर्जात लिहिलं नव्हतं. आमच्या अर्जात सगळे जागे होते, फक्त ड्रायव्हर नव्हता.

साहेबांनी वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "अकराला सोडली तर?"

ड्रायव्हर म्हणाला, "पाच तास पडतील. चालंल."

मावशी म्हणाल्या, "मला जमंल जी. भांडी सकाळी पाचच्या गाडीनं येऊन घाशीन. कणीक मालकाची बायको मळंल, न्हाई म्हणायची न्हाई."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "अकराच्या पुढं काम सुटणारा आहे का कुणी?"

आया आणि हमाल म्हणाले, अकरा चालतील. साहेबांचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. मावशीही बघत होत्या. माझं मशीन साडेबाराला बंद व्हायचं हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनी तोंड उघडलंही होतं. मी आधी बोललो.

"कुणी न्हाई, साहेब."

वहीत लिहिलं गेलं अकरा. मावशी मार्चपर्यंत अकराच्या गाडीनं गेल्या. पोरीचा डबा चालू राहिला, पेपर झाले, आणि शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी मेस सोडली.

आणि मी? हिवाळाभर चाललो, एकटा. हत्ती सांगायला कुणी नव्हतं, तर तोही माझ्याबरोबर नुसताच चालायचा, थकलेला. अकराला दुकानासमोरून गाडी जाताना ड्रायव्हर एकदा हॉर्न दाबायचा. मी मशीनवरून हात काढायचो नाही, कागद अडकतो. साडेबाराला शटर ओढायला गेलो की कडीला फडकं बांधलेलं असायचं, दोन पोळ्या आणि ठेचा. पहिला घास तिथंच, उभ्यानं. बाकीचं पुलावर.

टपरीवर मास्तर पुन्हा विचारतात, "अहो, तुमचं काय मत? गाड्या रात्रभर धावाव्यात का?"

धावाव्यात, मास्तर. फक्त अर्ज लिहिताना आधी ड्रायव्हरला विचारा, तो कधी झोपतो.