चारचौघांत विचारणारी मावशी

सालवडला आमच्या चाळीत एडवणची एक मासळीवाली येते. सगळे तिला मावशी म्हणतात. नाव मी कधी विचारलं नाही. हळू बोलणं तिला जमतच नाही. कोणी फार घासाघीस केली, की ती सरळ पाठ फिरवून दुसऱ्याशी बोलू लागते.

गेल्या वर्षी आरोग्य केंद्रात आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सुरू झाली. शौचाचा नमुना द्यायचा, म्हणून लाजेने कोणी जाईना. मावशीने टोपली ओट्यावर ठेवली आणि मोठ्यांदा विचारलं, “परसाकडे रक्त जातं काय कोणाला? माजा भाऊ लाजला नि गेला. तुमी लाजू नका.”

सगळे हसले. मी मान खाली घातली. मला रक्त जात होतं आणि मूळव्याध समजून मी ते अंगावर काढत होतो.

तिने बरोबर हेरलं. “दादा, चप्पल घाला.”

“उद्या जातो, मावशी.”

“उद्या नाय. आताच.”

ऐन विक्रीच्या वेळी टोपली माझ्या बायकोच्या हवाली करून ती मला केंद्रात घेऊन गेली. पुढे दुर्बिणीने तपासल्यावर आतड्यात गाठ सापडली. “वेळेत आलात. सख्ख्या भावंडांनाही याचा धोका असतो,” डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं आणि मी कामावर परतलो.

पेढे घेऊन मी तिची वाट पाहत उभा राहिलो. तिने पेढ्यांकडे बघितलंही नाही.

“तुमाला सख्खे भाऊ किती?”

“दोन. पामला राहतात.”

“त्यांनी तपासून घेतलं?”

“नाही अजून.”

“मग चला,” ती म्हणाली, “घर दाखवा.”