प्लेटला किडनी नसते

माझ्या अंगात धीर नाही, हे हाटकेश भागातल्या आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही वाढीच्या हार्मोनचं औषध तपासतो. प्लेटमधल्या जिवंत पेशींवर औषध घालायचं, प्लेट उबेला इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि दोन दिवसांनी पेशी किती वाढल्या ते मोजायचं. मधे दार उघडायचं नाही. मी उघडते. "अगं, सारखी डोकावलीस तर गारठतील त्या. वाढणार कशा?" असं म्हणत मोठ्या मॅडम मला तिथून हाकलतात. घरी मी हे हसत हसत सांगायचे.

मागच्या वर्षी एक नेहमीचं औषध अचानक ढिम्म झालं. तपासणीच्या किटवर मोजलं तर हार्मोन पुरेपूर, पण पेशी काही वाढेनात. कारण मॅडमनीच शोधलं. पेशींना खाऊ म्हणून घालतो ते सीरम नवं होतं आणि त्यात हार्मोनला धरून ठेवणारं प्रोटीन भरपूर होतं. प्रोटीनने धरलेलं आणि मोकळं, दोन्ही हार्मोन किट मोजतं. पेशीच्या कामाचं फक्त मोकळं. जुनं सीरम घातल्यावर पेशी मुकाट वाढल्या. सगळे सुटकेचा निःश्वास टाकून चहाला गेले, मी मात्र त्या प्रोटीनचाच विचार करत बसले.

कारण घरी माझी मुलगी होती. तेरा वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी. हार्मोन तपासायला डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन दर अर्ध्या तासाने तिचं रक्त घेतलं होतं आणि हार्मोन पुरेसं आहे, थांबून बघू, असं सांगितलं होतं. पण त्यातलं मोकळं किती, हे कुणी बघितलं होतं?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी भाईंदरला डॉक्टरांकडे धडकले. सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

"मॅडम, तुमच्या प्लेटमध्ये ते करेक्ट आहे," ते म्हणाले. "पण प्लेटला किडनी नसते. शरीरातून मोकळं हार्मोन पटकन निघून जातं. हेच प्रोटीन त्याला धरून ठेवतं, पुरवून पुरवून देतं. तुम्हाला चोर वाटतोय, तो इथे राखणदारही आहे."

"मग ती वाढत का नाहीये?"

त्यांनी तिच्या हाताचा आधी काढलेला एक्स-रे उजेडात धरला. हाडं वयाच्या मागे होती. "हिचं उशिरा सुरू होईल, असं वाटतंय. नक्की आत्ता नाही सांगता येणार. सहा महिन्यांनी या."

सहा महिने म्हणायला काय जातं? मला त्यांचा राग आला, त्या एक्स-रेचा आला, माझ्या अर्ध्या हळकुंडाचाही आला. येताना रिक्षावाल्याशी हिंदीत उगाच भांडले.

संध्याकाळी मुलगी क्लासवरून आली, तशी तिला रोजच्यासारखी फ्रीजला पाठ लावून उभी केली आणि डोक्यावर पट्टी आडवी धरली. एरवी ती गुपचूप उभी राहायची.

"आई, तू मधेच दार उघडलंस की तुझ्या मॅडम काय म्हणतात?"

मी पट्टी खाली घेतली.

"मला रोज घरी यायच्या आधी पोटात दुखतं गं," ती म्हणाली. "तू मोजणार म्हणून."

मी पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती दप्तरात टाकली, चेन लावली आणि खायला काय आहे म्हणून विचारलं. मी पोहे भिजवायला वळले. मागे वळून बघायची इच्छा फार होत होती.