पाळकबुवांचं तट्टू

आमच्या अमरावतीच्या ख्रिस्ती मंडळीनं पाळकबुवांचा सन्मान करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी कुणाचंही काही वाईट केलं नव्हतं.

पाळकबुवा म्हणजे माझे सासरे. खेडोपाडी पायी हिंडून त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव. मंडळीत ज्याच्या त्याच्या खांद्यावर नवं उपरणं! वडीलधारे म्हणाले, "त्यायले एक तट्टू घेऊन देऊ." घोड्यातलं कळणारा माणूस म्हणून मी माझंच नाव सुचवलं. (मला बैलातलंही कळत नव्हतं.)

अकोल्याच्या जुन्या शहरात एका कापूसदलालानं आपलं तट्टू दाखवलं. "गरीब जनावर हाय. रस्त्यानं सारे लोक याले वळखतात."

केवढी ही प्रतिष्ठा! घेऊन आलो.

पहिलीच स्वारी निघाली ती माझ्या बहिणीचं, मार्थाचं, लग्न लावायला. नवऱ्या मुलाच्या गावी. पाळकबुवा तट्टावर, मी लगाम धरून पुढं. वाटेत कापसाची गाडी दिसली आणि तट्टू थांबलं. थेट कापसात तोंड!

"जावईबापू, हाना त्याले!"

"हानूनच राहिलो, मामाजी!"

गाडीवान उडी मारून उतरला. "रामराम दलालसाहेब! आज काय भाव?"

"मी दलाल नाई बाप्पा. मी प्रभूचा सेवक हाव."

"मंग तुमचा प्रभू काय भाव देते?"

"तो फुकट देते," पाळकबुवा म्हणाले. गाडीवानाला ते पटलं नाही.

पुढं दिसेल त्या गाडीपाशी हेच. शेवटी एक म्हातारा शेतकरी तीन गाड्या घेऊन भेटला. त्यानं काही न बोलता पाळकबुवांच्या हातावर उपरणं टाकलं आणि खालून बोटं दाबली. (कापसाचा सौदा असाच होतो, कापडाखाली, बोटांनी. मला हे ठाऊक होतं. पण मी तेव्हा तट्टाला मागून ढकलत होतो!) पाळकबुवांना वाटलं, एकाचं तरी हृदय द्रवलं. त्यांनी त्याची पाचही बोटं प्रेमानं, दोनदा दाबली.

"एवढा भाव!" म्हातारा म्हणाला आणि तिन्ही गाड्या आमच्या मागं वळवल्या.

मांडवात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नवऱ्या मुलाचा मामा रागानं लाल झाला होता. गाड्या पाहून एकदम मऊ पडला.

"एवढं आंदण! आधी काहून नाई सांगितलं?" आणि त्यानं कापूस उतरवायला घेतला.

"हात नोको लावू!" म्हातारा ओरडला. "आधी दलालसाहेबाचे पैसे!"

"कोन दलाल? हा तं आमचा पाळक!"

मार्था रडवेली होऊन बाहेर आली. "दादा, माह्यं लगन लावून राहिले का लिलाव?"

मी तट्टामागं लपलो. तट्टू बाजूला सरकलं.

अखेर पाळकबुवांनीच म्हाताऱ्यापुढं हात जोडले, खरं ते सांगितलं, त्याला मानानं पहिल्या पंगतीला बसवलं आणि मग लग्न लावलं. दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या बैलांपुढं चालत जाऊन त्याला खरा दलाल गाठून दिला. तट्टूही त्याच दलालाला दिलं. तट्टाचं आणि त्याचं लगेच जमलं.

मंडळी पुन्हा बसली. आता पाळीपाळीनं एकेका घरानं पाळकबुवांसोबत चालायचं, त्यांची झोळी घ्यायची, छत्री धरायची, असं ठरलं. पाळकबुवा खूश! वाटेनं गप्पा, पोचल्यावर गरम भाकर.

माझी पाळी आली. मी छत्री घेऊन दारात हजर.

पाळकबुवांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जावईबापू, तुमाले मनापासून माह्यी सेवा कराची हाय ना?"

"हाय, मामाजी!"

"मंग तुमी घरीच बसा."